घाटातले ओले पट्टे

सगळा रस्ता ओला असला की माणूस दुचाकी आपोआप जपून चालवतो. फसगत होते ती पाऊस थांबून दोन तास झालेल्या घाटात. पाच-सहा वळणं कोरडी ठणठणीत, हात सैलावलेला, आणि पुढच्या वळणावर कड्यावरचं पाणी थेट डांबरावर. पकड बदलते दोन मीटरांत, आणि नेमकी तेव्हाच गाडी कललेली असते.

हे पट्टे कुठे असणार ते डोंगर आधीच सांगत असतो. घाटरस्ता डोंगराच्या सोंडेला वळसा घालून बाहेर येतो, मग घळीत आत शिरतो, पुन्हा पुढच्या सोंडेवर. पाणी उतरतं घळीतून. म्हणून धबधबा, मोरी (रस्त्याखालून पाणी जायचा छोटा पूल), शेवाळ, वाहून आलेली खडी हे सगळं आत शिरणाऱ्या वळणावर सापडतं. सोंडेवरचं वळण बहुधा कोरडं, पण आंधळं आणि वाऱ्याचं. दोन्ही वळणं एकाच पद्धतीने मारणं ही घाटातली सगळ्यात मोठी चूक.

घळीची एक सोय असते: सोंडेवरून आत वळताना घळीपलीकडचा रस्ता समोर दिसतो. समोरून काय येतंय, पाणी मोरीखालून जातंय की रस्त्यावरून, ते तिथेच बघून घ्यायचं. वेग कमी करायचा तोही तिथे, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावून. पट्ट्यात शिरताना ब्रेक सुटलेले, गाडी शक्य तितकी उभी, थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) स्थिर. मध्येच थ्रॉटल एकदम सोडलं तरी मागचं चाक घसरू शकतं, कारण इंजिनचा अडसर अचानक त्याच चाकावर येतो. एबीएसवर भिस्त ठेवायची तर सरळ गाडीत. साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण कललेल्या गाडीला सांभाळेलच असं नाही.

नुसत्या पाण्याचं इतकं भय नाही. पाणी रोज वाहतं तिथे डांबरावर हिरवट-काळी, साबणासारखी साय धरते, ते शेवाळ. चाकं सतत जातात त्या दोन रेषांवर ते कमी टिकतं, मध्ये आणि कडेला जास्त. म्हणजे चाकोरी धरून जायचं. खडीचं उलट असतं. पाण्याने आणलेली बारीक खडी मोरीच्या पुढे, उताराच्या बाजूला पंख्यासारखी पसरते. ओला भाग संपला म्हणून पिकअप घ्यावा, तर तिथेच चाक फिरतं. शेवाळ संपल्यावर आणखी दोन-चार गाड्यांची लांबी धीर धरलेला बरा. रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे आणि पुलाचे लोखंडी सांधेही ओले असताना शेवाळाचेच भाऊबंद.

आणि धबधबा बघण्याचं काय? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर. दोन सेकंद मान वर केली की २० मीटर गाडी आंधळी गेली. त्यातून जिकडे नजर तिकडे गाडी हा दुचाकीचा स्वभाव. कड्याकडे बघत राहिलात तर गाडी कड्याकडेच ओढत जाते. बघायचं ते थांबूनच.

सोंडेवरच्या आंधळ्या वळणाला रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर लक्ष ठेवायचं. तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी. लांब सरकायला लागला की वळण उलगडतंय. कललेल्या गाडीतलं डोकंही आपल्या लेनमध्येच राहायला हवं. चाकं आत आणि हेल्मेट पलीकडच्या लेनमध्ये, हे हमखास होतं. हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर, पुढे ट्रक असेल तर तो आधी बाहेर जातो आणि आतल्या बाजूला मोकळी जागा दिसते. ती मोकळी नसते. लांब वाहनाची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आत कापतात. ट्रक पूर्ण वळेपर्यंत मागेच थांबायचं.

उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला टाकणारे अजून दिसतात. त्याला शहाणपण म्हणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनने गाडी धरून ठेवायची आणि ब्रेक फक्त वळणाआधी, ठाम, थोडा वेळ लावून पूर्ण सोडायचा. सतत हलका दाबून ठेवला तर उष्णता साठते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ते हवेतलं पाणी शोषत जातं आणि पाणी मुरलेल्या ऑइलची हमी १५५ अंशांपर्यंतच असते. ऑइल उकळलं की वाफ तयार होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर मऊ पडून हँडलला टेकतो. थांबून थंड होऊ दिलं की ब्रेक परत येतो, म्हणून लोक विसरून जातात. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं ते यासाठी.

पाणी मोरीवरूनच वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर गाडी त्यात घालायची नाही. तळ दिसतोय आणि पाणी घोट्याइतकं आहे, तर पहिला गिअर, क्लच किंचित दाबलेला, थ्रॉटल न सोडता एका दमात पार. गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पार झाल्यावर ब्रेक हलके लावत थोडं अंतर जायचं. डिस्क पटकन सुकते, ड्रम जास्त वेळ घेतो.

थांबण्याची जागा वळणावर नको, आणि धारदार कडांचे ताजे दगड पडलेत तिथे तर नकोच. वरचा उतार अजून हलता आहे. पांढरं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला यायला लागला की फोटो सोडून निघायचं. गाडीचं तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये, आणि भुसभुशीत जागी साइड स्टँडखाली चपटा दगड. नाहीतर परत येईपर्यंत स्टँड मातीत रुतून गाडी आडवी.

टायरच्या खाचा २ मिलिमीटरच्या खाली गेल्या असतील तर पावसात घाट नको. ओल्यात पकड मिळावी म्हणून हवा कमी करणंही चुकीचं, त्याने खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही. परत आल्यावर चेन त्याच दिवशी पुसायची आणि कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब मारायचं. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो.