बीएच१७५० झोपेचना: ड्रायव्हरची तिसरी नोंद

बीएच१७५० ही उजेड मोजणारी चिप, आणि तिच्यासाठी मी लिनक्स कर्नलचा ड्रायव्हर लिहितोय. मागच्या नोंदीपर्यंत प्रोब (ड्रायव्हर चिपला जोडताना चालणारं फंक्शन) चालत होतं, आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर हेक्स २३ पत्त्यावर चिप सापडत होती आणि आकडा १.२ने भागला की लक्स (उजेडाचं एकक) नीट मिळत होते. रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला संगणक आमच्या गॅलरीत, आईच्या कुंड्यांमागे. दर दहा मिनिटांनी पाच वाचनं घ्यायची आणि सरासरी काढायची. आता रनटाइम पीएम, म्हणजे काम नसताना डिव्हाइसला आपोआप झोपवायची कर्नलची सोय.

कर्नलमध्ये बीएच१७५०चा ड्रायव्हर आधीपासून आहे, हे ठाऊक आहे. वन-टाइम मोडमध्ये ही चिप मोजणी झाली की आपली आपण झोपते, हेही. मी मुद्दाम कंटिन्युअस मोड घेतला, ज्यात ती सतत मोजत राहते, म्हणजे झोपवण्या-उठवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर येते. जागी असताना ती साधारण १२० मायक्रोअँपिअर घेते आणि पाय तिच्या कित्येक शेकडो पट, तेव्हा विजेच्या बचतीचं नावही काढू नका. हे शिकण्यासाठी चाललंय.

सस्पेंडमध्ये, म्हणजे झोपवताना, हेक्स ०० पाठवायचं. रिझ्युममध्ये, म्हणजे उठवताना, ०१ (जागी हो), मग १० (सतत मोज), आणि पहिल्या मोजणीसाठी १८० मिलिसेकंद थांबायचं. पाच वाचनांत दर वेळी हे थांबणं नको, म्हणून ऑटोसस्पेंडची मुदत (शेवटच्या वापरानंतर झोपवण्याआधी किती थांबायचं ते) २००० मिलिसेकंद ठेवली. आमच्या कोपऱ्यावरचा पोहेवाला दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये परातीखालचं उकळतं पाणी बंद करतो का? गर्दी ओसरली की मगच करतो. तसंच. प्रोबमध्ये आधी सेट_ॲक्टिव्ह (चिप जागी आहे असं कर्नलला सांगणं), मग एनेबल (रनटाइम पीएम चालू करणं). डिव्हाइस झोपलेलं आहे असंच कर्नल सुरुवातीला धरून चालतो आणि आपली चिप तर तेव्हा जागी असते.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिप झोपली की जागी ते सांगणारी रनटाइम_स्टेटस फाइल पाहिली तर ॲक्टिव्ह, म्हणजे जागी. तासाभरानंही ॲक्टिव्हच. रनटाइम_सस्पेंडेड_टाइमचा, म्हणजे एकूण झोपेच्या वेळेचा, आकडा जागचा हलेना. आधी मुदतीवर संशय घेतला, मग आपोआप झोपू द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या पॉवर/कंट्रोल फाइलीवर. तिथे ऑटोच होतं. शेवटी पीएम_ॲडव्हान्स्ड_डीबग हा कर्नलचा पर्याय चालू करून लॅपटॉपवर कर्नल पुन्हा बांधला (हे पायवरच करायला घेतलं असतं तर इंदूरच्या सराफ्यात जाऊन, गराडू (तळलेला कंद) खाऊन परत आलो तरी संपलं नसतं), कारण चिप सध्या किती ठिकाणी वापरात आहे ही मोजणी दाखवणारी रनटाइम_युसेज ही फाइल त्याशिवाय दिसत नाही. पुन्हा एक दिवस वाट पाहिली. फाइलीत ४ होते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) उणे १२१च्या, म्हणजे बसवर चिपशी बोलणं फसल्याच्या, चुका मोजल्या. त्याही चारच!

मग चूक लगेच सापडली. वापराआधी गेट ही मोजणी एकानं वाढवतं, वापर संपल्यावर पुट ती कमी करतं. गेट यशस्वी झाल्यावर वाचन फसलं की माझा कोड सरळ रिटर्न करत होता. पुटपर्यंत पोचतच नव्हता. दर चुकीमागे मोजणीत एकाची उधारी राहायची आणि शून्य झाल्याशिवाय कर्नल चिपला झोपवत नाही. वाचन का फसत होतं? जेल रोडवरून आणलेली जंपर वायर सैल होती, आणि आई कुंड्यांना पाणी घालताना पाईप तिला लागत होता. मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुझी तार कुंडीत कशाला रे?" बरोबरच आहे.

आता वाचन फसलं तरी पुट होतंच. शिवाय गेटसाठी वापरलेलं गेट_सिंक काढून रिझ्युम_अँड_गेट घातलं, जे फसलं तर मोजणी आपणच परत कमी करतं. गेट_सिंक स्वतः फसलं तरी मोजणी वाढवून ठेवतं, आणि ती परत कमी करायला पुट_नोआयडल लिहायचं हमखास विसरायला होतं. माझ्या मते नव्या कोडमध्ये गेट_सिंक घेऊच नये.

रविवारी मुद्दाम, चिप झोपलेली असताना वायर उपटली. रिझ्युम फसलं, मोजणी शून्यावरच राहिली, इथवर खूश होतो. वायर परत लावली तरी प्रत्येक वाचनाला उणे २२ ही चूक, आणि स्टेटसमध्ये एरर. रिझ्युमनं चूक परत केली की पीएम कोअर (कर्नलमधला रनटाइम पीएम सांभाळणारा भाग) ती लक्षात ठेवतो आणि पुढे ड्रायव्हरच्या रिझ्युम फंक्शनला हातच लावत नाही. अनबाइंड-बाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर चिपपासून सोडवून पुन्हा जोडला, प्रोबमधल्या सेट_ॲक्टिव्हनं ती चूक पुसली, तेव्हा गाडी सुरू झाली.

म्हणून आता रिझ्युममध्येच तीनदा प्रयत्न करून मग हार मानायची, असं लिहायला घेतलंय. वायर सोल्डर केली आहे, आणि डबा कुंड्यांपासून दोन हात वर, खिळ्याला टांगलाय.