पंखा जोरात आहे

परवा आमच्या गल्लीतल्या एका पोराचा फोन आला. बारावी झाली, सीईटी झाली, बीएस्सी अ‍ॅग्रीला दापोली लागली. "दादा, काय काय न्यायचं?" मी म्हटलं, आधी नायलॉनची दोरी घे, चांगली लांब. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. दोरी, खिळे, प्लास्टिकच्या चपला, जास्तीचे टॉवेल. जीन्स एकच. चामड्याचा पट्टा घरीच ठेव, त्याच्यावर बुरशी येते. एवढं सांगून फोन ठेवला, पण मी स्वतः दापोलीला शिकायला गेलो तो २०१८ चा ऑगस्ट काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

मी मंगळवेढ्याचा. दुष्काळात कोठारं उघडून लोकांना धान्य वाटणाऱ्या दामाजीपंतांचं गाव. काळी जमीन, मालदांडी ज्वारी. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर आमच्याकडं माणसं खूश असतात. दापोलीला साधारण साडेतीन हजार पडतो. कृषी विद्यापीठं राज्यात चार. माझी पहिली पसंती राहुरी होती, कारण रात्री गाडीत बसलं की सकाळी घरी. पण मार्कांनी माझ्यासाठी दापोली निवडली. स्वारगेटहून एसटीत बसलो तेव्हा कोरडा होतो. घाट लागला तसं खिडकीतून पाणी आत यायला लागलं आणि माझ्या बॅगेचा खालचा भाग भिजला. तो पुढचे कित्येक आठवडे नीट वाळला नाही.

होस्टेलवर पहिल्या दिवसापासून कपड्यांचा संसार सुरू झाला. खोलीत आडव्या-उभ्या दोऱ्या, त्यावर बनियन, टॉवेल, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट. दारातून खाटेपर्यंत जायचं तर वाकत जावं लागे. धुतलेली चादर तिसऱ्या दिवशीही गार लागायची आणि तिला एक कुबट वास यायचा. तो वास आमच्या घरात कधीच नव्हता. खोलीतले दोघे कोकणातले, एक गुहागरकडचा, एक खेडचा. त्यांना या कशाचंच काही वाटत नव्हतं. मी "घाटावरचा". बाहेर बदाबदा कोसळत असताना खेडवाला खिडकीतून बघून म्हणायचा, "आज जरा उघडीप आहे."

वर्गात सगळं इंग्रजीत. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठीत झालेलं, बारावी सायन्सला मान खाली घालून वेळ मारून नेलेली. इथं कोर्सच्या नावापुढं टू प्लस वन असे आकडे, म्हणजे दोन तास थिअरी आणि एक प्रॅक्टिकल. सुरुवातीला मी नोट्स देवनागरीत लिहायचो, जसं ऐकू येईल तसं. रात्री पुस्तकात बघून स्पेलिंग लावायचो. याचं मला फार दुःख वगैरे नव्हतं. वर्गातली निम्मी पोरं तेच करत होती आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. पहिल्या इंटर्नलनंतर ते आपोआप सुटलं.

खरी अडचण संध्याकाळच्या फोनची होती.

आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन साडेसातच्या सुमाराला यायचा. आई आधी बोलायची, "जेवलास का, पोट बरं हाय का." मग आण्णा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस हाय का तिकडं?"

पहिल्यांदा मी खुशीत सांगितलं, आण्णा, नुसता ओततोय, आठवडा झाला सूर्य बघितला नाही. पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाले, "आमच्याकडं ढग येत्यात आन जात्यात." त्या वर्षी जूनमध्ये थोडा शिडकावा झाला, त्यानंतर आभाळ फिरकलंच नव्हतं. विहिरीतली मोटर अर्ध्या तासात फेस काढायला लागलेली. मी ओल्या गादीवर बसून हे ऐकत होतो.

तेव्हापासून मी फोनवर पाऊस कमी करून सांगायला लागलो. "भुरभुर हाय." "सकाळी आला होता, आता नाय." पण आमच्या खोलीमागं सायकल स्टँड, त्याला पत्र्याचं छप्पर, आणि त्या पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. मी फोन घेऊन जिन्याखाली जायचो, मोबाईलवर हाताचा आडोसा करायचो. तरी एकदा आण्णांनी विचारलंच, "आवाज कसला यायलाय रं?"

"पंखा हाय."

"बरं," म्हणाले. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कोसळत असताना, "आज पंखा लई जोरात दिसतोय." मला हसूही आलं आणि काय बोलावं तेही कळेना. पुढं ते आमच्यात ठरूनच गेलं. पंखा बारीक आहे का, पंखा बंद आहे का. आई मागून म्हणायची, एवढ्या गारव्यात पंखा कशाला लावतोस, सर्दी होईल. तिला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

गणपतीला होस्टेल रिकामं झालं. मंगळवेढ्याला जाऊन येण्यात दोन दिवस गाडीतच गेले असते, म्हणून खेडवाल्यानं मला त्याच्या घरी नेलं. रात्री वाडीतून आरत्या म्हणत फिरायचं, मग जाखडी, ढोलकीच्या तालावर गोल धरून पोरं नाचतात ती. मला ती पावलं काही जमली नाहीत. तांदळाची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी मात्र पहिल्या घासाला जमली. ज्वारीची सर नाही, पण हेही चुकीचं नाही, असा माझा त्या वेळचा निकाल होता आणि आजही तोच आहे. त्याच्या आजीनं विचारलं, तुमच्याकडं पाऊसपाणी कसं? मी म्हटलं, नाहीच. आजी म्हणाली, "मग आमचा थोडा घेऊन जा की रे."

त्याच्या वडिलांशी पडवीत बसून बोलताना एक गोष्ट कळली, ती मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळाली नसती. त्यांचं भात पोटरीतून बाहेर पडत होतं. पुढच्या महिन्यात कापणी. त्यांना एकच धास्ती, कापलेलं भात खाचरात पडलेलं असताना परतीचा पाऊस यायला नको. भिजलं की दाण्याला मोड येतात आणि पेंढाही काळा पडतो. आणि तिकडं आण्णा त्याच परतीच्या पावसाकडं डोळे लावून बसलेले. आमची ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा दणकून पाऊस झाला की काळं रान ती ओल पोटात धरतं, आणि पुढं एक थेंब नाही पडला तरी पीक हुरड्याला येतं. त्या पडवीत मी नक्की कुणाच्या बाजूनं प्रार्थना करायची होती, कुणास ठाऊक. यजमानांसमोर "येऊ दे" म्हणायचं धाडस झालं नाही.

तो आलाच नाही. खेडवाल्यांची कापणी सुक्यात उरकली आणि आमची पेरणी अर्धी राहिली. ३१ ऑक्टोबरला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. सवलतींच्या यादीत जमीन महसूल, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सूट, आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ असंही होतं. आण्णांनी पेपरातलं ते कात्रण कापून ठेवलं होतं. दिवाळीला घरी गेलो तर फराळाआधी माझ्या हातात तेच दिलं.

दिवाळीवरून परतताना मातीचा नमुना आणायचा होता, सॉईल सायन्सच्या प्रॅक्टिकलला. जिथं पेरणी झाली नव्हती तिथली माती मी उचलायला लागलो तर आण्णांनी अडवलं. "ती नको. खालच्या वावरातली ने. लोकं बघणार हायती." स्वतः कुदळ घेऊन आले, वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल खणलं आणि ढेकळं पिशवीत भरून दिली.

प्रॅक्टिकलला त्या मातीत थेंब थेंब पाणी घालून मळायची, मग अंगठा आणि बोट यांच्यात दाबत तिची पट्टी काढायची. दापोलीची जांभ्याची तांबडी माती बोटभर आली की तुटायची. माझी तुटेना. लांबत गेली, लांबत गेली आणि मनगटावर लोंबायला लागली. दोघं-चौघं बघायला आले. नखात बसलेली ती काळी माती दोन दिवस निघाली नाही. सामू, म्हणजे पीएच, तांबडीचा साडेपाचच्या आसपास, माझीचा आठच्या पुढं. सरांनी फळ्यावर माँटमोरिलोनाइट आणि केओलिनाइट लिहून दोन्हींतला फरक सांगितला. पहिली, काळ्या रानातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, दुसरी, तांबडीतली, तसं करत नाही. मग जाता जाता म्हणाले, एवढा पाऊस पडूनही इथला बराचसा समुद्राला जातो, एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांना टँकर लागतात. मी खेडवाल्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं पण येतो. तुला काय वाटलं?"

हे मी त्या संध्याकाळी आण्णांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. साडेतीन हजार पडून टँकर? दोनदा विचारलं, मग पारावर जाऊन चारचौघांत सांगितलं. पुढं कुणी तिथं पावसाचं बोलायला लागलं की "आमचा पोरगा तिकडं हाय" म्हणून तोच किस्सा.

तोवर पाऊस संपला होता, खोलीतल्या दोऱ्या आम्ही व्हरांड्यात नेल्या होत्या आणि परीक्षा तोंडावर आली होती. निकाल लागला, ओजीपीए, म्हणजे ग्रेडची एकूण सरासरी, सहा पूर्णांक आठ. फोन केला, आकडा सांगितला.

"शंभरपैकी?"

"नाय आण्णा, दहापैकी."

"मग ठीक हाय," म्हणाले, "आईला देतो."