देवळाला फरशी मिळते, मास्तर मिळत नाही

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाला गेल्या काही वर्षांत ग्रॅनाइट बसलं, स्टीलचं रेलिंग आलं, शिखराला नवा रंग झाला. पावतीपुस्तक घेऊन कमिटीची माणसं दारात आली की कुणी हात आखडता घेत नाही. विड्या वळून घर चालवणारी बाईसुद्धा काहीतरी देतेच. पण त्याच कमिटीपुढं मी विषय काढला, की रविवारी पोरांना शिकवायला एक माणूस ठेवू, त्याला महिन्याचं मानधन देऊ, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. "शिकवायचं काय त्यात ओ काकू? घरचं बघून येतंय की आपोआप!"

आपोआप येत होतं, तेव्हाची घरं वेगळी होती. तेव्हा आजी घरात होती आणि संध्याकाळी दिव्यापाशी बसवून परवचा म्हणून घेत होती. आता आईबाप दोघंही कामावर, पोरगं शाळेतून थेट ट्यूशनला. ते देवळात येतं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी. शंकराच्या देवळात प्रदक्षिणा अर्ध्यावरून का फिरवायची, असं एखाद्यानं विचारलंच, तर मोठी माणसं म्हणतात, "असंच असतंय, चल." माझ्या मते परंपरा तुटते ती इथं. बाहेरून कुणी येऊन ती तोडत नाही. पोरानं मनापासून विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडं उत्तर नसतं, आणि दुसऱ्यांदा ते विचारत नाही.

खरं म्हणजे परंपरा कशी टिकवायची हे सोलापूरकराला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांची संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा बघा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्या काळातले शिवयोगी. तळं खोदून घेतलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापली आणि कन्नडमधून वचनं, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना, लिहिली. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्याची आठवण म्हणून आजही संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. इतकी शतकं हे चाललं, कारण यात्रेत नुसता बघ्या म्हणून आलेला माणूस कमी आणि काम असलेला माणूस जास्त. मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून नंदीध्वजाच्या उंच काठ्या निघतात, त्या लग्नाची संमती वाचायचा मान शेट्यांचा, सुगडी कुंभाराकडून येतात, आणि सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं आहेत. ज्याचा मान आहे त्याच्या घरात पोराला लहानपणापासून कळतं, की आपण गेलो नाही तर अडेल.

आणि त्यासाठी शिकावंही लागतं. थंडी पडायला लागली की नंदीध्वज पेलायचा सराव सुरू होतो. ती उंच काठी एकट्या माणसानं उचलून तोल सांभाळत चालायचं, हे काही अंगात आलं म्हणून जमत नाही. नवा पोरगा काठीखाली उभा राहतो तेव्हा जुना माणूस त्याच्या पाठीशी असतो. मान वर कर, वर बघ, पायाकडं बघू नको, गुडघा सैल ठेव, असं सांगत राहतो. काठी जरा कलली की चार हात पुढं होतात, आणि सावरली की लगेच मागं सरतात, म्हणजे भार पुन्हा त्या पोरावरच. यात्रेत 68 लिंगांना तैलाभिषेकासाठी पांढऱ्या बाराबंदीतली ही माणसं सारं गाव फिरतात तेव्हा आपण हर्र बोला हर्र म्हणतो, पण त्यामागची सरावाची संध्याकाळ फार थोड्यांनी बघितलेली असते. माझ्या लेखी ती सर्वात मोठी पाठशाळा आहे. तिथं फी नाही, पुस्तक नाही, पण गुरू आहे आणि जबाबदारी आहे.

हीच रीत गल्लीतल्या देवळात आणावी, एवढंच माझं म्हणणं आहे. कमिटीनं मानधन दिलं नाही, मग मीच रविवारी सकाळी बसायला लागले. पोरं घरी तीन भाषा बोलणारी आहेत. कुणाकडं मराठी, कुणाकडं कन्नड, आणि शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्यांकडं तेलुगू. पहिल्यांदा स्तोत्र नाही शिकवलं, काम दिलं. समया चिंचेनं घासायच्या, फुलवाती वळायच्या, सहाणेवर गंध उगाळायचं. गंधाला हट्टानं बसलेला एक सहावीतला मुलगा आहे. सुरुवातीला भसाभस पाणी ओतायचा आणि नुसतंच पांढरं पाणी वाहायचं. गुरवकाका शेजारी बसले, म्हणाले, "घाई नको रे बाळा, थेंबभर पाणी, आणि खोड एकाच बाजूनं गोल फिरव." आता त्याचं गंध दाट येतं, बोटावर उभं राहतं. मारुतीच्या कपाळाला ते लागलं की तो आरती संपेपर्यंत हलत नाही. दोस्त बाहेरून हाका मारतात, "काय करायलास बे, चल की!" तो हातानंच थांबा म्हणून सांगतो.

आमच्या देवळात विजेवर चालणारा नगारा आहे. बटण दाबलं की घंटा, झांज, नगारा सगळं एकदम सुरू. बऱ्याच देवळांत तो आहे आणि मला तो मनापासून खुपतो. तो वाजतो तेव्हा माणसाला टाळी वाजवायचंही कारण उरत नाही. रविवारी तो बंद ठेवायला गुरवकाकांनी संमती दिली. पोरं झांजा वाजवतात, ताल चुकतो, आरती पुढं पळते, पण ती त्यांची असते.

पाठांतराबरोबर अर्थ हवाच, आणि गावाबाहेरची देवळंही दाखवायला हवीत. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे सन 1018 चा शिलालेख आहे. आद्य मराठी लेखांमध्ये त्याची गणना होते. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, असं त्यात लिहिलंय. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी देवळाच्या दगडावर वाचणाऱ्याला आशीर्वाद कोरून ठेवला, हे पोरांना सांगितल्यावर त्यांनी माना वर करकरून एकेक अक्षर शोधायला घेतलं. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग बघून तर ती मोजायलाच बसली.

शिक्षणावर खर्च केला की काय होतं याचा दाखला वारकरी संप्रदायात आहे. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. मधुकरी मागून पोरं शिकली, आणि आज आपल्या जिल्ह्यातल्या लहानशा गावात सप्ताह बसला तरी ज्ञानेश्वरीवर बोलणारा, पखवाज वाजवणारा माणूस मिळतो. संप्रदायानं अशी माणसं तयार केली म्हणून ती मिळतात.

आणि वर्गात कुणाला बसू द्यायचं यावर वाद नको. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले होते. 2014 मध्ये तिथल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर मंदिर समितीनं पुजारी म्हणून स्त्रियांकडून आणि सर्व जातींकडून अर्ज मागवले. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तरीही मुलींनी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून म्हटलेलं काहींना चालत नाही, असं माझ्या कानावर येतं. माझ्या वर्गात सर्वात स्वच्छ उच्चार एका मुलीचेच आहेत आणि नव्या पोरांकडून तीच म्हणून घेते. ते बदलणार नाही.

आता अडचण कन्नडची आहे. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं आपण जयजयकार करतो, त्यांची वचनं मूळ भाषेत वाचून अर्थ सांगणारं आमच्याकडं कुणी नाही. कन्नड घरातली पोरंही बोलतात, पण लिपी त्यांना येत नाही. सोलापुरात कन्नड वाचणारे निवृत्त शिक्षक पुष्कळ असतील. रविवारी सकाळी तासभर देता येत असेल तर इथं खाली लिहा. मानधनाचं कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी पुन्हा काढणार आहे, आणि या वेळी पोरांच्या आयाही येणार आहेत.