खिशातली काडेपेटी

आमची लेक चार वर्षांची आहे आणि सध्या ती दिवसभर कोणी ना कोणी असते, सकाळी डॉक्टर, दुपारी वाघ, संध्याकाळी गळ्यात टॉवेल बांधून अंतराळवीर. खेळ सुरू करायला तिला काहीच लागत नाही. रडारड व्हायची ती थांबवताना. "चल, काढ आता ते, जेवायचंय" म्हटलं की हंबरडाच, आणि मला वाटायचं हा हट्ट आहे, मग मीही चिडायचे.

मग आम्ही 'मिस्टर बेन' बघायला लागलो. बीबीसीवर १९७१ मध्ये आलेली ब्रिटिश कार्टून मालिका, अगदी लहान मुलांसाठीची, तेव्हाचे एपिसोड फक्त १३. लिहिली डेव्हिड मॅकी यांनी आणि चित्रंही त्यांचीच. काळा सूट, बोलर हॅट घातलेला हा साधा माणूस ५२, फेस्टिव्ह रोडला राहतो (मॅकी स्वतः लंडनच्या पटनी भागात फेस्टिंग रोडवर राहायचे, नाव तिथूनच आलं). तो फॅन्सी ड्रेसच्या दुकानात जातो, फेझ टोपीवाला दुकानदार अचानक कुठूनतरी प्रकट होतो, बेन एक पोशाख निवडून ट्रायल रूममध्ये जातो आणि तिथल्या दुसऱ्या दारातून बाहेर पडतो ते थेट त्या पोशाखाच्या जगात!

पहिल्याच गोष्टीत तो लाल चिलखत घालून सरदार होतो. आता सरदार म्हटल्यावर ड्रॅगनला मारणार असंच वाटतं ना, पण तो ड्रॅगन बिचारा गरीब असतो, आगी लावल्याचा आळ त्याच्यावर आलेला असतो आणि बेन त्याची बाजू घेतो. मला हे फार आवडलं, की वेष बदलला तरी आतला भला माणूस तोच राहतो. चित्रं फारशी हलत नाहीत, सगळं सावकाश चालतं, आणि लेक मात्र डोळे न मिटता बघते.

पण खरी गंमत शेवटी आहे. दुकानदार त्या गोष्टीतही कुठेतरी येतो आणि बेनला परतीचं दार दाखवतो. बेन स्वतःचे कपडे चढवून घरी निघतो आणि त्याच्याजवळ त्या जगातली एक छोटी वस्तू उरते, सरदाराच्या गोष्टीत काडेपेटी. म्हणजे झालं ते खरंच झालं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की मी लेकीला नुसतं "काढ ते" म्हणायचे, म्हणजे तिचं अख्खं जगच एका फटक्यात पुसून टाकायचे आणि हातात काहीच ठेवायचे नाही.

आता जेवायच्या आधी मी बेडरूमच्या दारात उभी राहते, डोक्यावर टोपी, "मॅडम, दार इकडे आहे." ती टॉवेल काढते, घडी मला देते आणि एक वस्तू खिशात ठेवते. कधी बटण, कधी दोऱ्याचा तुकडा. रडणं अगदीच बंद झालंय असं नाही, झोप आलेली असली की अजूनही होतं. पण काल ताटावर बसल्यावर तिने खिशातून एक खडा काढून बाबाला दाखवला, "हा चंद्रावरचा आहे, हात धुऊन मग धर."