चावी हातात, इंजिन चालू

गेल्या आठवड्यातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय. कराडजवळ हायवेला माझं डिझेलचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर असलीच कामं जास्त.

मंगळवारी सकाळी एक जुनी टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) पिकअप आली, आल्याची पोती वाशी मार्केटला नेणारी. मालक पन्नाशीचे, तात्या म्हणू. तक्रार काय तर ऑइल खाते आणि खंबाटकी चढताना मागं निळा धूर सोडते. आधी दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवलेली, त्यानं सांगितलं गाडी जुनी झाली, ऑइल टाकत जा. मला या असल्या सल्ल्याचा मनापासून राग येतो. ऑइल कमी होतंय म्हणजे ते कुठंतरी जातंय, कुठं जातंय ते बघायचं सोडून वरनं ओतत राहायचं याला काय दुरुस्ती म्हणायची? तात्यांनी महिनाभर तेच केलं, निघायच्या आधी ऑइल मोजायची पट्टी बघायची आणि ओतायचं.

मी मनात धरलं पिस्टनच्या रिंगा गेल्यात. आवाज ऐकू म्हणून स्टार्ट मारली, आयडलिंगला ठीक होती. थोडी रेस दिली, पाय काढला तर रेस खाली येईचना. उलट वर चढत चालली, माझा पाय पेडलवर नसताना. तीन-चार सेकंदात इंजिन असं किंचाळायला लागलं की पत्र्याचं शेड थरथरायला लागलं आणि सायलेन्सरमधनं पांढरा-निळा धूर इतका की शेजारचं वेल्डिंगचं दुकान दिसेना. चावी फिरवली, काढून हातात घेतली. इंजिन चालूच.

हेल्परला येऊन तीनच महिने झालेत, त्याआधी बाईकच्या गॅरेजात होता. त्यानं धावत जाऊन बॅटरीचं टर्मिनल ओढलं. "मामा, टर्मिनल काढला तरी चालूच हाय!" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेट्रोलच्या गाडीत प्लगची ठिणगी पडते तेव्हाच पेट्रोल पेटतं, करंट तोडला की खेळ संपला. डिझेलला ठिणगीच नसते. पेट्रोल इंजिन हवा साधारण 10 पट दाबतं, हे जुनं डिझेल 18-20 पट दाबतं, एवढं दाबल्यावर हवा 500 डिग्रीच्या वर तापते आणि त्यात तेलाचा फवारा गेला की आपोआप पेट घेतो. चावी फक्त पंपावरचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारी झडप, पाडून डिझेल बंद करते. पण त्या दिवशी इंजिन पंपाचं डिझेल पीतच नव्हतं, टर्बोचं सील गेलेलं आणि ते स्वतःचंच ऑइल ओढून जाळत होतं. आयटीआयला सरांनी सांगितलेलं की 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलेलं. तेव्हा गंमत वाटलेली. त्याला कुठलं तेल आहे याच्याशी देणंघेणं नाही, आत आलं की जाळणार, जास्त पळणार, टर्बो आणखी फिरणार, आणखी ऑइल येणार.

पेट्रोलला पेडल सोडलं की हवेची झडप बंद होते. या जुन्या डिझेलला हवेच्या वाटेवर झडपच नाही, पेडल फक्त डिझेल कमी-जास्त करतं. नव्या बऱ्याच गाड्यांना हवा अडवणारा फ्लॅप असतो, हिला काहीच नव्हतं.

पाचवा गियर टाकला, ब्रेक दाबून क्लच सोडला, असं केलं की इंजिन कोंडून बंद पडतं. पण क्लच प्लेट संपलेली, नुसती घसरली आणि जळका वास सुटला. मग उरली हवा. उडी मारून खाली आलो आणि एअर फिल्टरकडचा हवेचा होस पाइप उपसला, तोवर पोरगा पुढं झाला आणि पाइपच्या तोंडावर तळहात ठेवायला गेला. मी त्याला खांद्यानं असा ढकलला की तो टूल ट्रॉलीवर जाऊन आदळला. त्या पाइपच्या टोकाला टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, हात आत ओढून घेतला असता. खाली जुना मडफ्लॅप पडलेला, दुमडून तोंडावर धरला, वर फळी ठेवली आणि छातीनं रेटलं. होस पाइप आतल्या ओढीनं चपटा झाला, इंजिन दोन गचके खाऊन थांबलं. सगळं मिळून मिनिटभर असेल.

नंतर खोललं तर इंटरकूलरमधनं, म्हणजे टर्बोची हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणाऱ्या जाळीतनं, लिटरभर ऑइल निघालं. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवला की पंखा बॉडीला लागत होता, कडा घासून चकचकीत झालेल्या. पट्टीला ऑइलचा थेंब नाही. तीन नंबरच्या रॉडचं बेअरिंग जळून निळं पडलेलं, क्रँकला ओरखडे.

तात्यांचा एकच प्रश्न, "मिस्त्री, चावी काढल्यावर बंद का नाय झाली?" दोनदा समजावलं. दिसत होतं की त्यांना वाटतंय गाडी माझ्या हातात बिघडली. ड्रायव्हर लोकांना हे कुणी सांगतच नाही, घाटात भरल्या गाडीला असं झालं असतं तर?

ठरलं असं की पार्ट्स त्यांचे, मजुरी मी घेणार नाही. ते हो म्हणाले. पोराचा खांदा दोन दिवस दुखत होता, आता ठीक आहे. पण निळा धूर आणि ऑइल खाणं ऐकल्यावर स्टार्ट मारायच्या आधी इंटरकूलरचा पाइप काढून आत बोट फिरवायला पाहिजे होतं, दहा मिनिटांचं काम, क्लिप सैल करायची आणि बघायचं. मी रिंगा धरून बसलो. शनिवारी तात्या गाडी न्यायला येतील तेव्हा हे त्यांना सांगणार आहे.