भाड्याच्या घराचा विमा कशाला?

"घर मालकांचं, मग विमा तुम्ही कशाला काढता?" शेजारपाजारचे, नात्यातले, सगळेच मला हे विचारतात.

सोलापुरात अशोक चौकाजवळ आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. चार वर्षांपूर्वी खालच्या बिऱ्हाडात शॉर्टसर्किट होऊन आग लागली. तासाभरात विझली. दुसऱ्या दिवशी आत गेले, तर पंख्याची पाती केळीच्या सुकल्या पानांसारखी खाली लोंबत होती. मालकांनी घराचा विमा उतरवला होता, त्यांना बांधकामाचे पैसे मिळाले. पण तिथं भाड्यानं राहणाऱ्या वहिनींचं कपाट, फ्रिज, मुलीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी गेली ती गेलीच. मालकाच्या विम्यात भाडेकरूचं सामान येत नाही, हे तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात मी वही घेऊन घरभर फिरले. प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायला किती पडेल, ते लिहीत गेले. नुसत्या स्वयंपाकघराचीच दोन पानं भरली! मग 'भारत गृह रक्षा' घेतली. एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी ठरलेल्या अटींसह मिळते. भाडेकरूला त्यात फक्त सामानाचा विमा काढता येतो. आग, पूर, वीज पडणं, भूकंप सगळं त्यात आहे. किल्लारीच्या वेळचे हादरे आठवणाऱ्या सोलापूरकराला भूकंपाचं वेगळं सांगायला नको.

चोरीचं मात्र नीट वाचा. आगीपुरासारख्या घटनेमुळे, तिच्यानंतर सात दिवसांत झालेली चोरीच त्यात धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच, ते जादा पैसे भरून जोडायचे.

आणि आपल्या पूर्व भागातल्यांनो, घरात माग असेल, टॉवेलचे गठ्ठे रचलेले असतील, तर ते घरसामान समजू नका. धंद्याच्या मालाला धंद्याचाच विमा लागतो. एजंटला हे आधीच स्पष्ट सांगा, लपवू नका.

स्वतःचं घर असेल तर रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरा. जागेची किंमत त्यात येत नाही.

दिवाळीची साफसफाई निघाली की मी ती वही पुन्हा काढते. यंदा इन्व्हर्टर आणि लेकीचा लॅपटॉप वाढला, म्हणून रक्कम वाढवून घेतली. बिलांचे फोटो अक्कलकोटच्या बहिणीलाही पाठवून ठेवलेत. आगीत माझा फोनच गेला तर?