नदी माझे दगड खातेय

"काका, ही नदी माझे दगड खातेय."

तक्रार घेऊन आलेली मुलगी सहा-सात वर्षांची असेल. कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले, दोन्ही मुठींत गोटे. नदीकाठच्या बागेत जीवरक्षकाचं काम करताना तक्रारी रोजच येतात. कुणी झोका सोडत नाही, घसरगुंडी तापलीय, कुणाचं तरी कुत्रं मोकळं फिरतंय. नदीविरुद्ध तक्रार मात्र पहिलीच. मी हसून म्हणालो, "मग मोठे दगड घे." ती गेली.

ते चार शब्द मला अजून टोचतात.

सुट्टीचा दिवस होता, तीन वाजून गेले होते आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आमच्या बागेपाशी नदी वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला वेग असतो. तिथे काठ खचतो, डोह पडतो. आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि बरोबर आणलेली वाळू टाकून पुढे जातं. बाग या आतल्या अंगाला आहे, त्यामुळे पाणी कमी असलं की समोर वाळूचा लांबट पट्टा उघडा पडतो. मुलांना कितीही झोके आणि घसरगुंड्या द्या, वाळू आणि पाणी एकत्र दिसलं की ती तिकडेच पळतात. मोठी माणसंही पळतात, खोटं कशाला बोला.

काठ आणि पट्टा यांच्यामध्ये एक ओघळ आहे. एरवी त्यात घोटाभर पाणी असतं. लोक चपला हातात घेऊन हसतखिदळत पलीकडे जातात. मेख आहे ती इथेच. ओघळ पट्ट्यापेक्षा खोल, म्हणून नदी वाढू लागली की आधी तो भरतो. वाळूवर बसलेला माणूस कोरडा असतो, निवांत असतो, आणि परतीची वाट त्याच्या पाठीमागे बुडत असते. पाठीमागेच, कारण बसताना तोंड नदीकडे करूनच बसतात सगळे. हे सांगणारी पाटी आहे आमच्याकडे. तिच्यावर लोक टोप्या अडकवतात.

वीसेक मिनिटांनी ती परत आली. "मोठेपण खाल्ले."

या वेळी मी उठलो.

काठाला लागून तिने दगडांच्या तीन रांगा रचल्या होत्या. तिसरी रांग कोरडी. दुसरीचे फक्त माथे दिसत होते. पहिली वीतभर पाण्याखाली गेलेली. "पहिली कधी रचलीस?" "मघाशी. बाबा झोपले ना, तेव्हा." बाबा झाडाखाली तोंडावर टोपी ठेवून अजूनही झोपलेलेच होते. मी पाण्याकडे नीट पाहिलं. सकाळी तळाचे गोटे दिसत होते, आता पाणी गढूळलं होतं. वाळक्या काटक्या, पाला, फेसाचे पुंजके वाहत होते. नदी वाढते तेव्हा काठावर पडलेला केर उचलून आणते. हे मी नव्या मुलांना शिकवतो. तासभर ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून वाहत होतं, आणि माझं लक्ष घसरगुंडीवरच्या भांडणात.

पुलाच्या खांबावर पातळीची पट्टी रंगवलेली आहे. तिकडच्या सहकाऱ्याला वॉकीटॉकीवर विचारलं. सकाळच्या नोंदीपेक्षा १८ सेंटीमीटर वर. दुपारची नोंद? ती घ्यायची राहिली होती.

तीन लांब शिट्ट्या मारल्या. पट्ट्यावर चाळीसेक माणसं होती. चार-पाच जणांनी माना वळवल्या. भोंगा घेऊन मी ओघळाच्या काठाशी गेलो. 'पूर' हा शब्द मी मुद्दाम टाळतो. तो ऐकला की निम्मे लोक सैरावैरा धावतात आणि निम्मे फोटो काढायला पुढे येतात. "ओघळात पाणी आत्ता नडगीभर आहे, थोड्या वेळाने मांडीभर होईल. सामान राहू द्या, मुलं घ्या आणि या," एवढंच सांगितलं.

एक गृहस्थ उभे राहिले. "अहो, पाऊस कुठाय?"

"वर," मी म्हणालो.

त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. मला नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, म्हणायचं होतं. पण तिथे सूर्य चकाकत होता आणि मी वेडा ठरत होतो. शेवटी मी वाद सोडून ओघळात उतरलो आणि मधोमध उभा राहिलो. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, तरी पायाखालची वाळू सरकताना त्यांनाही दिसली असावी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. जोराचा लोंढा असेल तर १५ सेंटीमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडतं. नडगीभर पाण्याला कुणी भीत नाही, अडचण तीच आहे.

दोघा सहकाऱ्यांनी दोर ताणून धरला. लहान मुलंवाले आधी. मुलाचा तळवा धरायचा नाही, मनगट धरायचं. ओला तळवा सुटतो. धट्टीकट्टी माणसं प्रवाहाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा जोर त्यांच्यावर फुटतो. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. एका बापाला बाबागाडी सोडवेना. बाळ काकूंच्या कडेवर केव्हाच पलीकडे गेलं होतं आणि हा रिकामी गाडी घेऊन ओघळात अडकलेला. चाकं वाळूत रुतली. मी गाडी त्याच्या हातातून सोडवली. तो रागावला. रागावू दे.

सगळे काठावर आले असं वाटलं आणि तेवढ्यात एका बाईची हाक आली. पाच वर्षांचा मुलगा दिसत नव्हता. लोक झोक्यांकडे धावले. आम्ही मात्र आधी पाणी बघतो. झोक्यावर सापडणारं मूल दहा मिनिटांनीही झोक्यावरच सापडतं. पाण्यातल्याला तेवढी मिनिटं नसतात. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातही हलवत नाही. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून सांगितलंय की माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर झगडतो तो जेमतेम २० ते ६० सेकंद. तेही गुपचूप, कारण श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? आम्ही खालच्या अंगाने काठ धुंडाळत होतो, ती एकेक मिनिटं कशी गेली ते लिहिता येत नाही मला. मुलगा स्वच्छतागृहाच्या रांगेत आजोबांबरोबर उभा होता. आई आधी रडली आणि मग आजोबांवर बरसली.

साडेपाचला पट्ट्याचा मधला उंचवटा तेवढा उरला होता. अंधार पडायच्या आत तोही गेला. वरच्या डोंगरात सकाळी धो धो कोसळलं होतं, हे संध्याकाळी कळलं. बाबागाडी दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर, आतल्या अंगालाच, वाळूत अर्धी गाडलेली मिळाली. नदीने तीही मंदावल्या जागी टाकली होती.

रात्री अहवाल लिहायला बसलो. छापील नमुन्यात एक रकाना असतो: 'धोका प्रथम कोणाच्या लक्षात आला?' बहुतेक वेळा तिथे आमच्यापैकी कुणाचं तरी नाव असतं. मी लिहिलं, 'बागेत आलेली एक मुलगी, वय अंदाजे सहा-सात.' पर्यवेक्षकांनी वाचून विचारलं, "नाव?"

विचारायचं राहिलं होतं. गोंधळ संपला तेव्हा बाबा जागे झाले होते आणि ती भिजलेल्या कपड्यांवरून बोलणी खात बागेबाहेर निघाली होती.